जळलं की ओरडायचं

डॉ. हेमलता खोत गेल्या. बोरीवलीत ज्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं क्लिनिक होतं, त्या सोसायटीने पुढच्या रविवारी हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटोला हार, समोर समई, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या डॉक्टर म्हणजे अगदी फणस, वरून काटे पण आत गोड गरे. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. याच बाईंना मॅडमनी एकदा क्लिनिकमधून बाहेर काढलं होतं, कारण त्या आठवीतल्या मुलीला 'जरा उजळ करून द्या' म्हणत घेऊन आल्या होत्या. मी मागे बसले होते. माझं डोकं असं फिरलं की चहा न घेता उठून आले.

फणस कसला? मी वर्षानुवर्षं त्यांच्या काउंटरवर बसले, मला एक गरा दिसला नाही. मॅडम वरून रागीट होत्या आणि आतून त्याहून रागीट होत्या. तो राग खरा होता, रोजचा होता आणि त्याला कारणं होती. माणूस गेलं की त्याला गोड करून टाकायची आपल्याकडे भारी घाई असते. गेलेली बाई असली तर जास्तच. बाईचा राग मेल्यानंतरसुद्धा कुणाला सहन होत नाही, म्हणून त्याच्यावर साखर पेरायची. मला ते मान्य नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मॅडम त्वचेच्या डॉक्टर. उंचीला बेताच्या, अंगाने सुटलेल्या, केस मानेपर्यंत कापलेले आणि रंगाने काळ्या. सावळ्या म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. त्या म्हणायच्या की सावळी हा शब्द काळ्या मुलीची समजूत काढायला वापरतात, आणि मला कुणी समजूत काढलेली आवडत नाही. नवीन पेशंट आत जायची, टेबलामागे बसलेल्या बाईंना बघायची आणि बाहेर येऊन मला हळूच विचारायची, मोठे डॉक्टर कधी येतात? कातडीची डॉक्टर म्हणजे गोरीपान असणार अशी लोकांची ठाम समजूत. हे इतक्या वेळा व्हायचं की मॅडमना भिंतीपलीकडून कळायचं. त्या आतून आवाज द्यायच्या, "मोठे डॉक्टर आलेत, राणेबाई. पाठवा आत."

राणेबाई म्हणजे मी. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही आणि मीही त्यांना मॅडमपलीकडे काही म्हटलं नाही. आमच्यात मैत्री होती असं मी म्हणणार नाही. दुपारी त्यांच्या डब्यात तळलेले बोंबील असायचे आणि क्लिनिकभर त्यांचा वास सुटायचा. शेजारच्या गुजराती कुटुंबाने तक्रार केली तेव्हा मॅडम डबा हातात घेऊन त्यांच्या दारात भांडायला गेल्या. परत आल्या, एक बोंबील माझ्या डब्यात टाकला आणि म्हणाल्या, गार झाले सगळे. एवढीच आमची मैत्री.

त्यांच्या खोलीत पेशंटसाठी एकच खुर्ची होती. आई, मावशी, होणारी सासू, सगळ्यांनी बाहेर माझ्यासमोर बसायचं. तरी कुणीतरी आत घुसायचंच. मॅडम विचारायच्या, त्रास काय आहे? मुलीने तोंड उघडायच्या आत आई सुरू व्हायची, अहो हिला की नाही, डाग फार आहेत, आणि स्थळं बघायला सुरुवात केलीय. मॅडम तिला शेवटपर्यंत बोलू द्यायच्या. मग विचारायच्या, चेहरा तुमचा आहे का? आई म्हणायची नाही. मग बाहेर बसा. अशा किती आया माझ्या काउंटरसमोर येऊन मॅडमच्या नावाने बोटं मोडत बसल्या असतील. मी त्यांना पाणी द्यायचे. मलाही त्या बायकांचा राग यायचा, आणि नोकरी असल्याने तो गिळावा लागायचा.

मॅडमच्या डाव्या हाताची आतली बाजू बघण्यासारखी होती. मनगटापासून कोपरापर्यंत छोटे छोटे चौकोन, काही फिके, काही गडद. दुकानात भिंतीच्या रंगाचा नमुना दाखवतात तसे. पीलची, म्हणजे डागांवरची कातडी सोलून काढणाऱ्या औषधाची, कुठलीही नवी बाटली आली की आधी ती त्या हातावर लागायची. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. एकदा एका कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. हा नवीन पील खास भारतीय त्वचेसाठी आहे, अजिबात त्रास नाही, असं तो घडाघडा बोलत होता. मॅडमनी शांतपणे विचारलं की तुझी त्वचा कुठली आहे? तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाही वर करायला लावली आणि बाटली उघडली. तो उठायला लागला तर म्हणाल्या, बस, अजिबात त्रास नाही ना. आधी स्वतःच्या हाताला लावलं, मग त्याच्या. घड्याळ लावून दोघं समोरासमोर बसले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढच्या वेळी त्या कंपनीने दुसरा माणूस पाठवला आणि तो हाफ बाहीचा शर्ट कधी घालायचा नाही.

पील करून घ्यायला आलेल्या प्रत्येकीला मॅडम आधी एक भाषण द्यायच्या. दार अर्धं उघडं असायचं, त्यामुळे मला ते पाठ झालं होतं. सुरुवात ठरलेली, मी तुझ्या तोंडाला अ‍ॅसिड लावणार आहे. हलकं आहे, बघून लावणार आहे, पण अ‍ॅसिड आहे, क्रीम नाही. इथे निम्म्या मुली खुर्चीत सरळ व्हायच्या. मग पुढचं. लावल्याबरोबर मुंग्या आल्यासारखं वाटेल, मग मिरचीचा हात लागल्यासारखं चुरचुरेल. पंखा देईन, वारा घेत बस. वेळ झाली की मी ते उतरवीन आणि गार पाण्याच्या पट्ट्या ठेवीन. आज चेहरा लाल दिसेल. उद्या वाळलेला डिंक लावल्यासारखा ओढला जाईल. त्यानंतर रंग आधी गडद होईल आणि तू आरशात बघून मला शिव्या देशील, दे. मग तोंडाभोवती आणि नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतील. ते ओढायचे नाहीत, सापाची कात कुणी ओढून काढत नाही. ऊन नको, खिडकीतलंसुद्धा. घरात बसलीस तरी सनस्क्रीन. ब्लीच नाही, फेशियल नाही, थ्रेडिंग नाही, वाफ नाही. एवढं करून काय होईल? डाग फिके होतील, कातडी जरा गुळगुळीत होईल. रंग बदलणार नाही. जी आहेस तीच उठून बसशील, ते चालणार असेल तर झोप.

आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य. चुरचुरलं तरी सहन कर. हलायचं नाही, हात लावायचा नाही, रडायचं नाही.

ज्या मुली हूं का चूं न करता पडून राहायच्या, त्यांना मॅडम 'शाबास' म्हणायच्या. त्यांच्या तोंडून निघणारा हा एकच कौतुकाचा शब्द. मुली तो ऐकायला दात आवळून पडायच्या.

प्राची सावंत त्यातलीच. जवळच्याच एका जुन्या बिल्डिंगमधली मुलगी, अंधेरीला एमआयडीसीत एका ऑफिसमध्ये हिशेब बघायची. आजोबा गिरणीत होते, वडील कुठल्याशा बँकेत शिपाई म्हणून लागून क्लार्क झालेले. गालांवर पिंपल्सचे जुने डाग. तसे ते कुणाला दिसलेही नसते. पण तिचं लग्न ठरलं, आणि साखरपुड्याचा फोटो मोठा करून होणाऱ्या सासूबाईंनी घाटकोपरहून तिला पाठवला. खाली लिहिलं होतं की लग्नाच्या अल्बममध्ये एवढे डाग बरे दिसणार नाहीत, काहीतरी करून घे. प्राचीने तो फोटो मला काउंटरवर दाखवला. हसत दाखवला. मला त्या बाईचा तेव्हाच राग आला होता.

तिचे हलके पील काही महिने आधीपासून चालू होते आणि छान उतरले होते. कधी आवाज केला नाही, दरवेळी शाबासकी घेऊन गेली. मॅडमना ती आवडायची. तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज एक पायरी खाली यायचा. शेवटचा पील ती लग्नाच्या आदल्या आठवड्यात मागत होती. मॅडम नको म्हणाल्या, फार जवळ होतंय. प्राचीने हात धरला. सासूबाईंनी पुन्हा विचारलंय मॅडम, प्लीज. त्या दिवशी तिची आईही आली होती, आणि मॅडमनी पहिल्यांदाच कुणाच्या आईला आत बोलावलं. मला कॅलेंडर घेऊन आत बोलावलं आणि ते बघितलं. लग्नाच्या दिवसापर्यंत कातडी निवेल असा हिशोब केला. मग आईला बजावून विचारलं, "मधल्या दिवसांत तोंडाला काहीही लावणार नाही ना? पार्लरचं, घरचं, काहीच?"

"नाय वो मॅडम," सावंतकाकू म्हणाल्या, "काय्येक लावूचा नाय. पार्लरवालीक पण सांगून ठेवलंय."

बाई खोटं बोलत नव्हती. चार मराठी बायका त्या खोलीत होतो, मॅडम, मी, काकू आणि स्वतः नवरी, आणि एकीलाही हळद आठवली नाही. कारण हळद आपण तोंडाला 'लावत' नाही. ती लागते. साबण लावतो, क्रीम लावतो, हळद हा विधी आहे. देवाला गंध लावतो त्याला कुणी मेकअप म्हणेल का? मॅडमनी लग्नाचा दिवस मोजला, हळदीचा मोजलाच नाही. ज्यांच्या स्वतःच्या लग्नात कोपरापर्यंत हळद माखली होती, त्या बाईंनी.

हळद बिल्डिंगच्या गच्चीवर झाली, भर दुपारी, कारण फोटोला ऊन चांगलं मिळतं. नवऱ्याकडची उष्टी हळद घाटकोपरहून मोठ्या वाडग्यातून आली. आमच्याकडे ही रीत आहे, नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची. पाच सवाष्णींनी रीतसर लावली. मग आत्या, मग चुलत बहिणी, मग फोन धरून उभ्या असलेल्या मैत्रिणी, जिने तिने मूठभर घेऊन गालाला चोळली. हळद वाळली तशी ती चोळून काढली आणि वर गरम पाणी ओतलं. प्राची मध्ये एकदा म्हणाली की चुरचुरतंय. कुणीतरी म्हणालं, नवरीला चुरचुरणारच. सगळे हसले. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. मॅडमनी मला घरून उचललं आणि आम्ही थेट मंगल कार्यालयात गेलो. नवरीच्या खोलीत पंख्याखाली प्राची पिवळी साडी नेसून बसली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. दोन्ही गाल लालभडक आणि ओले, जागोजागी कातडी सुटलेली. मुंडावळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, कारण दोऱ्याचासुद्धा स्पर्श होत नव्हता.

मॅडमनी गार पाण्याने चेहरा धुतला, मलम लावलं. त्यांचे हात अगदी स्थिर होते. मग त्यांनी विचारलं, "काल इतकं जळत होतं, तर ओरडली का नाहीस?"

"तुम्हीच सांगितलेलं ना मॅडम, सहन कर म्हणून," प्राची म्हणाली. "मला वाटलं पीलचंच आहे."

मॅडमनी मलमाचं झाकण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. 

तेवढ्यात सासूबाई आत आल्या, मागे पेटी घेऊन मेकअपवाली. मुहूर्त जवळ आलाय, हॉल भरलाय, जाड बेस लावून हे सगळं झाकून टाका, असा त्यांचा हुकूम होता. मॅडम खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. या कातडीवर आज काही लागलं तर डाग आयुष्यभर राहतील, त्या म्हणाल्या, पावडरसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही कोण? मॅडम म्हणाल्या, मी डॉक्टर, आणि हळद कोणी कालवली?

"मी स्वतः," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात अभिमान होता. लिंबू पिळलं होतं, चंदनाची पावडर घातली होती, फोटोत जरा उजळ दिसावी म्हणून.

आता ही बाई मार खाते, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ज्या बाईने डागांवरून मुलीला पीलपर्यंत ढकललं, तिनेच त्या पीलवर लिंबू पिळून दिलं, आणि आता तीच चेहरा झाकायला सांगायला आली होती. पण मॅडमचा आवाज उलट खाली आला. "ताई, तुमच्या लिंबापेक्षा माझी चूक मोठी आहे. ती मी फेडीन. पण आता या तोंडाला कुणी बोट लावलं तर मी ते बोट मोडेन."

मेकअपवाली शहाणी, पेटी घेऊन बाहेर गेली. मग नवऱ्यामुलाला बोलावणं गेलं. अमेय त्याचं नाव. फेटा बांधून आला, प्राचीकडे एकदा बघितलं आणि नजर खिडकीकडे नेली. बाहेर सनईची रेकॉर्ड चालू होती. तो म्हणाला, "प्राची, दोन-तीन तासांचा प्रश्न आहे. सहन कर ना यार."

प्राचीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती मॅडमकडे बघत होती. आणि मग ती ओरडली. मला जळतंय, एवढंच. पण इतक्या मोठ्याने की बाहेरच्या खुर्च्या वाजल्या आणि कुणीतरी सनई बंद केली. त्या शांततेत ती पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मेकअप करणार नाही. मी अशीच बोहल्यावर येते. चालत असेल तर चला."

अमेयने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "अशी?"

मुहूर्ताची वेळ आली तेव्हा नवऱ्याकडची मंडळी खाली गाड्यांपाशी उभी होती, आणि थोड्या वेळाने तीही नव्हती. सावंतकाकूंनी जेवणाच्या पंगती बसवल्या, कारण अन्न शिजलं होतं. त्या बाईने वाढपाचं भांडं हातात घेऊन वाढलं.

त्यानंतर बोरीवलीत दोन तट पडले. अर्धे म्हणायचे, डॉक्टरणीने लग्न मोडलं. त्यांना मॅडमनी कधी उत्तर दिलं नाही. उरलेले म्हणायचे, बरं झालं, असल्या घरातून पोरगी सुटली. यांच्यावर मात्र त्या तुटून पडायच्या. एकदा क्लिनिकमध्ये एका बाईने प्रेमाने हेच म्हटलं, तर मॅडम ताडकन उठल्या. "मी तिला सोडवलं नाही. मी तिला भाजलं. देवाने काहीतरी चांगल्यासाठी केलं वगैरे मला सांगायचं नाही." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मॅडमना माफी नको होती आणि सांत्वन तर त्याहून नको होतं. शोकसभेत फणस म्हणणाऱ्यांनी हे तोंड बघायला हवं होतं.

भाषणही बदललं. लग्न ठरलेली मुलगी आली की मॅडम आता 'तोंडाला काही लावणार का' असं विचारत नसत. हळद किती वाजता, कोण लावणार, कशात कालवणार, असं विचारत. गुजराती मुलगी असली तर तिची पीठी कधी, तमिळ असली तर तिचं नलंगू कधी. एकेका जातीचे, एकेका गावचे विधी त्यांनी नावानिशी माहीत करून घेतले होते. कोण कशाला 'लावणं' म्हणत नाही हे त्यांना आता पक्कं माहीत झालं होतं. आणि शेवटचं वाक्य गेलं. त्या जागी आलं, जळलं की ओरडायचं, बाहेरच्या खोलीत राणेबाईंना ऐकू गेलं पाहिजे. शाबासकी आता ओरडणाऱ्या मुलीला मिळायची. बाहेर बसलेल्या बायका आतला आरडाओरडा ऐकून चपला घालून निघून जायच्या. मी मॅडमना म्हटलं की असं चाललं तर क्लिनिक बंद पडेल. पडू दे, त्या म्हणाल्या.

प्राची मात्र येत राहिली. गाल भरून यायला वेळ लागला, आणि आतल्या जखमेने जे काळे चट्टे उमटले ते जायला त्याहून कितीतरी जास्त. ती यायची, खुर्चीत बसायची, मॅडम दिव्याखाली चेहरा बघायच्या. बोलणं फार नसायचं. पण एक प्रश्न ठरलेला.

"राग आहे ना?"

"आहे."

"ठेव."

हे मी दारातून दरवेळी ऐकायचे. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं. मग कळलं की मॅडम औषधाइतक्याच काळजीने तो राग सांभाळत होत्या. एकदा प्राची म्हणाली होती, आता तेवढा नाहीये. मॅडम चिडल्या. का नाहीये, त्यांनी विचारलं, अजून कानापाशी डाग आहे. डाव्या कानापाशी करंगळीच्या नखाएवढा तो डाग कायमचा राहिला.

काही वर्षांनी प्राची पेढे घेऊन आली. ऑफिसमधल्याच एका मुलाशी जमलं होतं. पत्रिका टेबलावर ठेवून ती मॅडमना म्हणाली, हळदीला यायचं, लग्नाला नाही आलात तरी चालेल. मॅडम म्हणाल्या, मी असल्या ठिकाणी जात नाही. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी क्लिनिक लवकर बंद केलं. रिक्षात मला बाजूला बसवलं.

तीच बिल्डिंग, तीच गच्ची. या वेळी हळद सावंतकाकूंनी स्वतः कालवली होती, नुसती हळद आणि तेल. त्यांनी वाडगं मॅडमसमोर आणून वास दिला, लिंबाबिंबाचा पत्ता नव्हता. सवाष्णी ताटं घेऊन तयार होत्या. तेवढ्यात पाटावर बसलेली प्राची म्हणाली, थांबा, आधी मॅडम.

सगळ्यांना वाटलं, पहिली हळद डॉक्टरांच्या हातून लावून घ्यायची आहे. कुणीतरी कौतुकाने मागे सरून वाट दिली. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, मी लावणार नाही.

"तुम्ही लावायची नाहीच आहे," प्राची म्हणाली. "हात द्या. डावा."

मॅडमनी हात पुढे केला. प्राचीने तो उलटा केला, बाही वर सारली आणि त्या सगळ्या फिक्या-गडद चौकोनांवर बोटाने हळद लावली. मग हात तसाच धरून ठेवला. आत्याबाई कुरकुरल्या, अगं हे काय. प्राची म्हणाली, थोडं थांबायचं असतं, मॅडमना विचारा. गच्चीवर सगळे ताटं धरून उभे. नवी बाटली आल्यावर मॅडम घड्याळ लावून बसायच्या, तसेच.

"जळतंय?" प्राचीने विचारलं.

नुसत्या हळद-तेलाने काय जळणार. मॅडम तिच्याकडे बघत होत्या, तिच्या कानापाशी.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग ओरडा."

मॅडमनी तोंड उघडलं. आयुष्यभर दारातून, भिंतीतून, जिन्यावरून जिचा आवाज ऐकला, त्या बाईच्या तोंडून काही आलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, हात तिच्या हातात देऊन. प्राचीने थोडा वेळ वाट बघितली. मग मॅडमच्या हातावरची हळद बोटाने पुसून घेतली आणि स्वतःच्या दोन्ही गालांना लावली. उष्टी हळद तिने तिथून घेतली. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"राग गेलेला नाहीये हां, मॅडम," प्राची म्हणाली.

"जाऊ देऊ नकोस," मॅडम म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळल्या.

खाली मी त्यांना रुमाल दिला, कपड्यांना डाग पडेल म्हणून. त्यांनी तो घेतला नाही. डावा हात अंगापासून लांब धरून त्या रिक्षात बसल्या. मला त्याच बाजूला माझ्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी फुटपाथवर उभी राहिले. पुढच्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या आणि क्लिनिक पुन्हा उघडलं नाही, म्हणजे मी त्यांना बघितलं ते तेव्हा शेवटचं. रिक्षावाल्याने मीटर टाकला नव्हता. मॅडम त्याच्यावर अशा ओरडल्या की वरून, गच्चीच्या कठड्यावरून, दोन-चार पिवळी तोंडं खाली डोकावली. त्यात प्राचीचंही होतं.